होडीतून मैदानावर जाणारा कर्णधार
गेलिक फुटबॉल, म्हणजे हात-पाय दोन्ही वापरून खेळायचा आयर्लंडचा खेळ. त्यात पगार नसतो, मग एवढा जीव कोण तोडेल, असा प्रश्न पडतो. मला मिक ओकॉनेल आठवला. आयर्लंडमधल्या केरी काउंटीतल्या (जिल्ह्यासारखा भाग) व्हॅलेन्शिया बेटाचा, १९३७ चा जन्म. तेव्हा बेटाला पूल नव्हता, सरावाला जायचं तर आधी होडी वल्हवायची! नोकरी बेटावरच्या केबल स्टेशनात, म्हणजे समुद्राखालच्या तारांवरून संदेश पाठवणाऱ्या केंद्रात. उंच उडी मारून चेंडू झेलावा आणि दोन्ही पायांनी तितकाच अचूक मारावा तो त्यानेच.

१९५९ च्या ऑल-आयर्लंड (काउंटी संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या) अंतिम सामन्यात केरीने गॉलवे काउंटीला हरवलं. कर्णधार हाच. पण चषक ड्रेसिंग रूममध्येच राहिला आणि हा त्याच संध्याकाळी डब्लिनहून गाडी पकडून, शेवटी होडीने, घरी. पुढे १९६२, १९६९ आणि १९७० मध्येही अजिंक्यपद मिळालं.