देवचौक लिहिणाऱ्या सुवासिनी, धवलेरी आणि जुना सातबारा: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही वारली, मूळचे जव्हारकडचे. आजोबा कामासाठी मुंबईला आले आणि गाव सुटलं ते सुटलंच. आता धाकट्या बहिणीचं लग्न आहे. देवचौक (लग्नातलं चौकोनी चित्र) तांदळाच्या पिठाने भिंतीवरच लिहायचा, आतल्या पालघाट देवीसकट, आणि धवलेरीने (आमच्यात लग्न लावणारी बाई) गाणी म्हणायची, असा आईचा हट्ट आहे. (फ्रेममधली वारली चित्रं काय, कुठेही मिळतात!) जव्हार-विक्रमगडकडे चौक लिहिणाऱ्या सुवासिनी आणि धवलेरी कोणाच्या ओळखीत आहेत का? बोलावणं कसं द्यायचं, मानाचं काय न्यायचं?

शिवाय आजोबांच्या नावचा जुना सातबारा, फेरफार शोधतोय. गट नंबर माहीत नाही, फक्त पाड्याचं नाव आहे. पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला. त्याआधीचे कागद जव्हार तहसीलमध्ये मिळतील की ठाण्याला जावं लागेल?