मदत हवी आहे: दिवसा झोपणाऱ्या माणसासाठी कमी आवाजाचा स्टँड फॅन कोणता घ्यावा?

नमस्कार. आम्ही भुसावळला राहतो. आमचे हे मालगाडीवर लोको पायलट आहेत. रात्रभर बडनेऱ्याकडे नाहीतर खंडव्याकडे गाडी चालवून सकाळी घरी येतात, आंघोळ करतात, दोन घास खातात आणि पडदे ओढून झोपतात. पुढचा कॉल केव्हा येईल याचा नेम नसतो, म्हणून दिवसाची तेवढी झोप पुरी झालीच पाहिजे. डोळ्यांवर झोप घेऊन सिग्नल बघत जाणं किती धोक्याचं असतं ते आमच्या घरात सगळे जाणतात. त्यामुळे पंख्याचा हा प्रश्न मला बारीकसारीक वाटत नाही.

खोली वरच्या मजल्यावर, दहा बाय बाराची, वर उघडा स्लॅब. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास सकाळी दहालाच छत तापायला लागतं आणि छताचा पंखा वरची गरम हवा खाली लोटतो. म्हणून आम्ही स्टँडचा पंखा लावतो. आत्ताचा पंखा मोठा, लोखंडी जाळीचा, दुकानात ज्याला फर्राटा म्हणतात तसला. वारा भरपूर, पण एक नंबरवर ठेवला तरी घरघर थांबत नाही, आणि मान फिरवली की डाव्या टोकाला दरवेळी टक् करतो. शेजारच्या खोलीत सासूबाई असतात, त्याही म्हणतात, "हाऊ आवाज मना डोकामा फिरी ऱ्हायना." कूलर आहे, पण त्याचा पंखा याहून मोठ्यानं ओरडतो, आणि जूनमध्ये ढग यायला लागले की त्याने नुसती चिकचिक होते.

दुकानात सगळे "बीएलडीसी घ्या, आवाजच नाही" म्हणतात, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटारीचा पंखा. किंमत दुपटीच्या जवळ जाते. ते खरं आहे का? काही खोक्यांवर डेसिबल लिहिलेले असतात, त्यावर किती विश्वास ठेवावा? पात्याचा आकार ४०० मिलिमीटर पुरेल की मोठा घ्यावा? आमच्याकडे लाइट जाते तेव्हा इन्व्हर्टरवर पंखा चालतो आणि वेगळीच गुणगुण करतो, त्याचंही कारण कोणी सांगितलं तर बरं होईल. घरी असा पंखा रोज वापरणाऱ्यांनी आपला अनुभव जरूर सांगावा.

प्रतिसाद, जळगाव (पंखे-मोटार दुरुस्तीचं काम करतो)

ताई, नवा घेण्याआधी जुन्याकडे एकदा बघा, कारण तुम्ही दोन वेगळे आवाज सांगताय.

टक् होतो तो मान फिरवणाऱ्या गिअरचा. मोटारीच्या मागे डबीत प्लास्टिकची दातेरी चक्री असते. तिचा एखादा दात झिजला किंवा खालच्या दांडीचा स्क्रू सैल झाला की टोकाला वळताना आवाज येतो. चक्री स्वस्तात मिळते. तोवर मान फिरवायची खुंटी वर ओढून पंखा एका जागी स्थिर ठेवा, टक् लगेच थांबेल.

घरघर आहे ती फर्राट्याची जातच आहे. ते पंखे मांडवात, दुकानात, लग्नाच्या जेवणावळीत लांबपर्यंत वारा फेकायला बनवलेले असतात. मोटार मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास पळते आणि एक नंबरवरही फारशी खाली येत नाही. झोपायच्या खोलीत तो लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

नवा घ्याल तेव्हा दुकानात तीन नंबरवर वारा बघू नका, तो सगळ्यांचाच चांगला वाटतो. सर्वांत कमी वेगावर लावा, दुकानातले बाकीचे पंखे दोन मिनिटं बंद करायला सांगा आणि कान मोटारीच्या मागे न्या. बारीक "हूं" ऐकू येत असेल तर तो मोटारीचा. आपल्या विजेची कंपनं सेकंदाला ५०, चुंबक त्यात दोनदा ओढतो, म्हणून हा हूं सेकंदाला १०० कंपनांचा असतो. पुढे तो घटत नाही, रात्री उलट जास्तच जाणवतो. मग जाळीला हात लावून बघा. हात लावल्यावर आवाज बदलला तर खडखड जाळीची आहे, आणि तिच्यावर घरी इलाज करता येतो: दोन जाळ्यांच्या कडेमध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घालून क्लिपा घट्ट बसवायच्या. खाली बूड जड आणि गोल असावं. फुलीसारख्या चार पायांचा हलका स्टँड फरशीवर थरथरतो आणि फरशी तो आवाज खालच्या खोलीत नेते. असा असेल तर पायांखाली रबराची जाड चटई घाला.

तेलाचं एक सांगतो. बुशच्या पंख्याला (ज्यात बॉल बेअरिंगऐवजी साधी धातूची नळी असते) वर्षातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब पुरतात. खोबरेल घालू नका. थंडीत ते गोठतं आणि धूळ धरून चिकट होतं. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ किती उडते ते तुम्हाला माहीतच आहे. पात्यांवर ती एका बाजूला जास्त बसली की तोल जातो आणि नवा पंखाही हलायला लागतो. उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी प्लग काढून ओल्या फडक्याने पाती पुसा.

प्रतिसाद, शिरपूर

डेसिबलच्या आकड्याबद्दल लिहितो. तो आकडा कोणत्या वेगावर आणि किती अंतरावरून मोजला ते लिहिलेलं नसेल तर त्याला अर्थ नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे एकच पंखा लांबून मोजला की कागदावर शांत दिसतो. बंद खोलीत भिंतींवरून आवाज परत येतो, तिथे एवढा फरक पडत नाही.

खरी गोष्ट वेगात आहे. पंख्याच्या फेऱ्या निम्म्या केल्या तर वारा निम्मा होतो, पण वाऱ्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने खाली येतो. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो, त्यावरून अंदाज करा. म्हणून लहान पंखा जोरात चालवण्यापेक्षा मोठ्या पात्याचा पंखा हळू चालवणं झोपेसाठी केव्हाही चांगलं. तुमच्या खोलीला ४०० मिलिमीटरचा पुरेल, फक्त तो एक-दोन नंबरवर चालवून भागलं पाहिजे. खोक्यावर हवेचा आकडा मिनिटाला किती घनमीटर असा दिलेला असतो. दोन पंख्यांत तो सारखा असेल तर ज्याच्या फेऱ्या कमी तो घ्या. पाच पाती म्हणजे शांत, असंही सरसकट नसतं. जास्त पात्यांचा पंखा कमी वेगात पुरेसा वारा देतो आणि त्याचा आवाज मऊ लागतो, इतकंच.

बीएलडीसीचं म्हणाल तर दुकानदार अर्धं खरं सांगतात. पूर्ण वेगावर वाऱ्याचा आवाज त्यालाही येतोच, हवा कापली जाणारच. फरक खालच्या वेगांवर पडतो. साध्या मोटारीला तीनच वेग असतात आणि सर्वांत खालचाही बराच असतो. बीएलडीसीला पाच-सहा असतात, खालचा खरोखर हळू असतो, आणि वर सांगितलेला हूं त्यात जवळपास नसतो. एखाद्या मॉडेलमध्ये ठरावीक वेगावर बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, तेव्हा सगळे वेग लावून ऐका. वीज साध्या ४०० मिलिमीटरच्या पंख्याला ५० ते ६० वॅट लागते, याला ३० ते ३५. रोज दहा तास चालला तर महिन्याला साडेसात युनिटच्या आसपास वाचतात. नुसत्या बिलाच्या हिशोबाने वरचे पैसे वसूल व्हायला वेळ लागेल. तुम्ही झोपेसाठी घेताय, तर घ्या.

प्रतिसाद, पाचोरा तालुका

इन्व्हर्टरचं मी सांगतो, आमच्या मळ्यातल्या घरी हेच होतं. जुना स्वस्तातला इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असतो. त्याची वीज लाटेसारखी वर-खाली होत नाही, एकदम चढते आणि एकदम पडते. साधी मोटार त्यावर गुणगुणते आणि तापतेही. साइन वेव्हचा इन्व्हर्टर घेतला की गुणगुण जाते. बीएलडीसी पंखा आतमध्ये आधी विजेचं डीसी करून घेतो, त्यामुळे त्याला याचा फारसा त्रास नाही आणि बॅटरीही जास्त वेळ पुरते. शेतीच्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज पडतं, साधा पंखा लगेच रेंगाळतो. बीएलडीसीचा वेग तसाच राहतो.

प्रतिसाद, धुळे (नर्स आहे, रात्रपाळी करते)

ताई, तुमचा प्रश्न माझाच आहे, म्हणून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. आवाजाचं सगळ्यांनी छान सांगितलं. मला काळजी वाटते ती दुपारी बारा ते चारची.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो. अंगाच्या कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गरम झाली की पंखा अंगावर गरम वारा मारतो, गारवा मिळतो तो फक्त घाम वाळण्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनाही ४० अंशांच्या खाली असेल तेव्हाच पंखा वापरा असं सांगते. तेव्हा कितीही शांत पंखा घेतलात तरी दुपारी नुसत्या त्याच्यावर माणूस झोपवू नका. खोलीत साधं तापमापक टांगा. आमच्या घरी मी उन्हाळा लागायच्या आधी गच्चीला चुन्याचे दोन हात मारून घेते, खोली चांगलीच उतरते. खिडकीला ओला वाळ्याचा पडदा लावते, दिवसा दारं-खिडक्या उघडत नाही. अंगावर ओलं सुती उपरणं घेतलं की कमी वेगाचा पंखासुद्धा पुरतो.

कूलर टाकून देऊ नका. तो खोलीत न ठेवता शेजारच्या खोलीच्या खिडकीत किंवा बाहेर ओट्यावर ठेवा, त्याचा वारा दारातून आत येऊ द्या आणि तुमचा शांत स्टँड फॅन ती गार हवा पलंगापर्यंत नेईल. समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी, नाहीतर दमटपणा साचतो. आपली हवा मेमध्ये कोरडी असते म्हणून हे जमतं. पाऊस जवळ आला की कूलर बंद आणि पंखाच बरा. लोखंडी कूलरजवळ ओल्या फरशीवर पंख्याची वायर पडू देऊ नका, आणि दोन्हींना अर्थिंगचा तीन पिनांचाच प्लग हवा. शॉकचे रुग्ण दर उन्हाळ्यात बघते मी.

पंखा भिंतीला चिकटवू नका. मागे दीड-दोन फूट मोकळं असलं की त्याला हवा ओढता येते, नाहीतर तो गुदमरतो आणि आवाज वाढतो. वारा तोंडावर न घेता पायांकडून घ्या. डोळे आणि घसा कोरडा पडत नाही, आणि कान पंख्यापासून लांब राहतात. ज्या दिवशी ते रात्री घरी असतील तेव्हा अंधार पडल्यावर बाहेरची हवा उतरते. तेव्हा पंखा खिडकीकडे तोंड करून लावा आणि समोरची खिडकी उघडा. आतली गरम हवा बाहेर जाते, तासाभरात भिंतीही निवायला लागतात.

धागा लिहिणारी, भुसावळ

सगळ्यांचे मनापासून आभार. जळगावच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे दुकानात बाकीचे पंखे बंद करायला लावले. दुकानदार जरा कुरकुरला, पण फरक स्पष्ट ऐकू आला. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत एकाचा मोटारीचा आवाज येत होता, दुसऱ्याचा नाही. ४०० मिलिमीटरचा, गोल जड बुडाचा बीएलडीसी घेतला. पलंगाच्या पायथ्याशी, भिंतीपासून दोन फूट पुढे ठेवलाय, दोन नंबरवर चालतो. वारा येतो, पण घड्याळाची टिकटिक ऐकू येते. गच्चीला चुनाही मारून घेतला. तापमापकात दुपारचा आकडा अजून ३८ च्या वर दिसतो, त्यामुळे बारानंतर कूलर ओट्यावरून लावतो. जुना फर्राटा खाली अंगणात गेला, कुरडया-पापड वाळवताना माशा हाकायला तो बरा पडतो.

आता एकच अडचण उरली आहे. रिमोटचं कोणतंही बटन दाबलं की पंखा मोठ्याने पीं करतो, आणि पुढचा निळा दिवा अंधारात डोळ्यांवर येतो. मी वेग कमी करायला गेले की ते जागे होतात. हा आवाज बंद करता येतो का?

प्रतिसाद, जळगाव

काही मॉडेलांत रिमोटचं ठरावीक बटन दाबून धरलं की पीं बंद होतो, माहितीपत्रकात बघा. तुमच्यात ती सोय नसेल तर पंखा उघडून स्वतः बझर कापू नका, गॅरंटी जाईल. पॅनेलवर बारीक भोकं दिसतील, आवाज तिथून बाहेर येतो. त्यावर जाड कापडी चिकटपट्टीचे दोन थर लावा, पीं बराच दबतो. दिव्यावर काळी इन्सुलेशन टेप लावा, पण रिमोटचा किरण घेणारा काळा ठिपका मोकळा ठेवा, नाहीतर रिमोट चालणार नाही. आणि ते झोपायच्या आधीच वेग आणि टायमर लावून ठेवा. मात्र टायमर संपल्यावर पंखा पीं करून बंद होतो का ते एकदा दिवसाउजेडी, ते ड्युटीवर असताना बघून घ्या. होत असेल तर टायमर लावूच नका, कमी वेगावर सकाळपासून तसाच चालू द्या. वीज फार लागत नाही.