६० हजारांत गेमिंग पीसी, पण पुढे वाढवता यावा: हे कोटेशन घेऊ का?

वऱ्हाडी_पिक्सेल:
अकोल्यात पीसी असेंबल करायचा आहे. बजेट ६०, फार ओढाताण करून ६५ हजार. १०८०पी, ७५ हर्ट्झचा मॉनिटर, कीबोर्ड, माउस घरी आहेत. व्हॅलोरंट, जीटीए ५ आणि जमलंच तर सायबरपंक २०७७ खेळायचं. दोन-तीन वर्षांनी सुधारणा करेन, पण तेव्हा सगळाच डबा बदलायची पाळी नको.
दुकानाचं कोटेशन: रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, ए५२० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ ची एकच स्टिक, आरएक्स ६५०० एक्सटी ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, समोर काच असलेलं आरजीबी कॅबिनेट, सोबत ४५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). संध्याकाळी लाइट जाते, घरात इन्व्हर्टर आहे.

थर्मल_पेस्ट:
घेऊ नका. सुटे पार्ट चालतील, पण त्यांची जोडी जमत नाही. ६५०० एक्सटीला मुळात ४ च लेन (डेटा ये-जा करायच्या वाटा) आहेत. पीसीआयई (कार्ड आणि बोर्ड जोडणारा मार्ग) ४.० वर ते खपून जातं, पण ५६००जी आणि ए५२० दोन्ही ३.० वाले, म्हणजे रस्ता निम्मा झाला. सायबरपंकमध्ये कार्डाची ४ जीबी मेमरी पटकन भरते, मग डेटा मेन रॅममधून याच अरुंद रस्त्याने यायला लागतो आणि खेळ अडखळतो. शिवाय ५६००जी मधल्या ग्राफिक्सचे पैसे मोजायचे आणि कार्ड लावून ते पडून ठेवायचं. वर एल३ कॅश (प्रोसेसरमधली वेगवान मेमरी) १६ एमबी. साध्या ५६०० मध्ये ती ३२ एमबी आहे.

माझी यादी: रायझन ५ ५६००, चार रॅम स्लॉटचा बी५५० बोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० सीएल१६, आरएक्स ६६०० ८ जीबी, १ टीबी एनव्हीएमई.

आता एसएमपीएस. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या डब्यावरचा ४५० हा आकडा बहुतेक वेळा कागदावरच असतो. स्टिकरवर +१२ व्होल्टसमोरचे अँपिअर बघा आणि १२ ने गुणा. ५५० वॉटच्या चांगल्या युनिटवर तिथे ४५ च्या आसपास आकडा दिसतो, म्हणजे ५४० वॉट खरोखर १२ व्होल्टवर मिळतात. फुकटवाल्यात हा गुणाकार निम्म्यावर येतो. वर कार्डाची ८ पिनची केबल नसते, म्हणून दुकानदार मोलेक्सचा (जुन्या चार पिनच्या प्लगचा) कन्व्हर्टर लावून देतो आणि तोच पुढे तापून वितळतो. तुमचा लोड प्रोसेसर ७६, कार्ड १३२, बाकी ५० धरून २६० वॉटच्या आत आहे. तरी ६५० वॉटचा ब्रॉन्झ (कार्यक्षमतेचा दर्जा) एसएमपीएस घ्या, कारण उद्याचं कार्ड २२०-२५० वॉटचं असू शकतं आणि एसएमपीएस ही एकच वस्तू तीन वर्षांनीही तशीच वापरायची आहे.

उघडं_कॅबिनेट:
एसएमपीएसबद्दल शंभर टक्के सहमत, बी५५० बद्दल नाही. प्रश्न पुढे वाढवण्याचा आहे आणि एएम४ (५६०० ज्यात बसतो तो सॉकेट) हा रस्ता संपलेला आहे. ५७००एक्स३डी, ५८००एक्स३डी हे त्याचं शेवटचं स्टेशन, आणि ते आता सहज मिळत नाहीत. त्यानंतरच्या एएम५ सॉकेटला एएमडीने २०२७ आणि पुढेही सपोर्ट देण्याचं सांगितलं आहे. रायझन ५ ७५००एफ, व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज देणारा भाग) हीटसिंक असलेला बी६५०एम बोर्ड, कार्ड तेच ६६००.
दुकानात रायझन ५ ८४००एफ प्रोसेसर गळ्यात मारतील. स्वस्त दिसतो, पण कॅश १६ एमबी आणि कार्डासाठी ८ च लेन. ६६०० लाही ८ च लागतात, म्हणून आज फरक कळणार नाही, १६ लेनचं कार्ड आणाल तेव्हा कळेल.
२०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चढले, त्यामुळे बजेट इथेच फाटतं. म्हणून १६ जीबी डीडीआर५ ६००० ची एकच स्टिक घ्या. एका चॅनलवर फ्रेम कमी मिळतील, ते सोसा. ८-८ च्या दोन घेऊन पुढे आणखी दोन लावायचा बेत नको: एएम५ वर चार स्टिक झाल्या की वेग अनेकदा ३६०० पर्यंत घसरतो.

थर्मल_पेस्ट:
मान्य, पण एका अटीवर. पुढे फक्त कार्ड बदलणार असाल तर ७५ हर्ट्झला ५६०० पुरेसा आहे, वाचलेले पैसे कार्डात घाला. प्रोसेसरही बदलायचा असेल किंवा १४४ हर्ट्झचा मॉनिटर येणार असेल, तरच एएम५.

वऱ्हाडी_पिक्सेल:
१४४ चा मॉनिटर पुढच्या वर्षी घेणार आहे. म्हणजे एएम५. जोडणी घरीच करतोय, कुठे घोळ होतात?

स्क्रू_ड्रायव्हर:
एएम५ मध्ये पिना प्रोसेसरवर नसून बोर्डावर आहेत, सॉकेटमध्ये बोट घालू नका. स्टॉक कूलर स्क्रूचा असेल तर बोर्डावरच्या दोन प्लास्टिक पट्ट्या काढा, मागची पट्टी तशीच राहते. स्क्रू तिरपे, समोरासमोर, थोडे थोडे आवळा. कॅबिनेटमध्ये बोर्डाच्या भोकाखाली नसलेला एखादा जादा स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचा धातूचा खुंट) राहिला तर शॉर्ट होतो, मोजून घ्या.
एकच रॅम असेल तर प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. ४+४ पिनची केबल प्रोसेसरची, ६+२ ची कार्डाची. जबरदस्तीने अदलाबदल करू नका.
पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. रॅमचं ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो ते) चालू असतं. इथेच लोक घाबरून बटण दाबतात आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. एचडीएमआय कार्डाला लावा, ७५००एफ ला डिस्प्लेच नाही.
बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅमचा छापील वेग लावणारं सेटिंग, चालू केलं नाही तर ६००० ची रॅम ४८०० वगैरेवरच पळते. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (दोन्ही बायोसमधली सुरक्षा सेटिंग्ज) लागतं, म्हणून सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट) बंद करून डिस्क जीपीटी (नवी विभागणी पद्धत) ठेवूनच विंडोज टाका. नंतर बदलायला गेलात तर डोकेदुखी.

लोडशेडिंग:
इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा. एसएमपीएस साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, नॉर्मल मोडमध्ये बदली व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो आणि पीसी रीस्टार्ट होतो. अकोल्याच्या मे महिन्यात समोरची काच म्हणजे तंदूर. जाळीचं कॅबिनेट, समोर दोन पंखे आत, मागे एक बाहेर. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर दोष पीसीचा नसून बहुधा अर्थिंगचा असतो, आधी वायरमन बोलवा. आणि बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या, नुसतं 'असेंबल्ड पीसी १ नग' असं बिल वॉरंटीला चालत नाही.