जव्हारला पाच एकर घेऊन गावाचं भलं होईल का?

पायवाट: पुण्यातले आम्ही चार मित्र, सगळे आयटीतले. जव्हार-मोखाड्याकडे पाच एकर माळ घेऊन सेंद्रिय शेत उभं करायचं मनात आहे. दहा-बारा घरांना बारमाही काम मिळेल, आणि तिथं शिकून ती माणसं आपापल्या रानात तेच करतील. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात, घरी उरतात म्हातारीकोतारी. हे दोन वर्षं बघतोय. कौतुक नको, चुका सांगा.

सातबारा: पहिलाच खडा. चौघांपैकी शेतकरी दाखला किती जणांकडे आहे? कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तिकडची बरीचशी जमीन आदिवासींच्या नावावर, म्हणजे महसूल संहितेचं ३६-अ आलंच: आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. कुणी एजंट "करून देतो" म्हणाला तर चहा पिऊन उठा.

पायवाट: एकाचा सातबारा आहे, आणि बघितलेली जमीन बिगर-आदिवासी मालकाची आहे. तेवढं तपासलंय.

नागलीची_भाकर: दादा, राग मानू नका, मी मोखाड्याकडचीच. तुमच्या शेतावर आमची माणसं काय होणार? मजूरच ना? भट्टीवर शेठ असतो, इथं तुम्ही. शेठ चांगला असेल, मान्य. पण झाड ज्याचं, आंबा त्याचा. बायफ या संस्थेने १९८२ पासून गुजरातेत वांसद्याकडे, मग आमच्याकडे 'वाडी' केली, ती का टिकली? एकर-एकराची स्वतःची जमीन, त्यात आंबा-काजू, मधल्या पट्ट्यात नागली नाहीतर भाजी, कडेला जंगली झाडं. नाबार्डनेही २००३-०४ पासून हाच नमुना उचलला. पाच एकराचा एक मालक करण्यापेक्षा पाच घरांच्या पाच वाड्या करा.

उन्हाळी_भात: ताई, पण जमीनच नसलेल्यांचं काय? कातकरी घरांकडे एकर कुठला, झोपडीखालची जागाही नावावर नसते. वनहक्क कायदा २००६ चा, पण पट्टा मिळेपर्यंत पोरं बापाएवढी होतात. वाडी ज्याच्याकडे काहीतरी आहे त्याची. कातकऱ्याला आज रोजंदारी हवीय, तीही घराजवळ. त्याच्यासाठी पायवाट यांचं शेत वाईट कसं?

सातबारा: रोजंदारी कशातून देणार पण? कलमं लावल्यावर चार-पाच वर्षं हाताला काही लागत नाही. तोवर दहा माणसांचा पगार चौघांच्या खिशातून. एकाची नोकरी गेली की शेत बंद आणि माणसं परत भट्टीवर, तीही गणपतीत उचल घेऊन. मी असं एक शेत जवळून पाहिलंय, नाव घेत नाही. गांडूळखताचे हौद अजून आहेत, त्यात आता कोंबड्या बसतात.

गिरगाय: सगळेच मोडता घालताय म्हणून लिहितो. बायफवाले मणिभाई देसाईसुद्धा बाहेरचेच होते. १९४६ मध्ये गांधीजी उरुळी कांचनला आले, निसर्गोपचार आश्रम निघाला आणि मणिभाई तिथं थांबले. आधी आश्रमाच्या जमिनीत पिकवून दाखवलं, गीर गाई पाळल्या, बायफ काढली ती १९६७ ला. गरीब शेतकरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय नवं पीक लावत नाही आणि तो शहाणाच आहे, कारण एक हंगाम फसला तर खायचं काय? तो धोका पहिल्यांदा पैसेवाल्याने घ्यावा की नाही?

नागलीची_भाकर: काका, घ्यावा. पण मणिभाई थांबले, हे तुम्हीच लिहिलंत. १९९३ ला गेले तोवर उरुळी सुटली नाही. हे चौघे शनिवारी येणार आणि रविवारी एक्सप्रेसवेला लागणार.

पायवाट: लागलं, पण खरं आहे. आमच्यातला एक नोकरी सोडून राहायला तयार आहे. आणि मोगऱ्याचा विचार केलाय. जव्हार-विक्रमगडकडे लोक करतातच, फुलं दादरला जातात. आंब्याची वाट बघायला नको.

नागलीची_भाकर: मोगरा चालतो. माझ्या मावशीकडे आहे, पहाटे तोडणीला घरच्या सगळ्या बायका. पण कळी धरते ऐन उन्हाळ्यात. आमच्याकडे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या घरात, आणि होळीनंतर हंडे घेऊन दरीत उतरायचं. पाणी खडकावरून जातं वैतरणेला, तिथून मुंबईला. तुम्ही पाणी कुठून आणणार?

पायवाट: बोअर. दोन जागा पाहून ठेवल्यात.

नागलीची_भाकर: पाड्याची विहीर तुमच्या बांधापासून किती लांब?

पायवाट: दोनशे पावलं असेल.

उन्हाळी_भात: मी तुमच्या बाजूने होतो हो. बोअर खोल गेला तर ती विहीर मार्चातच तळ दाखवेल.

गिरगाय: आधी चर खणा, नाल्यावर बांध घाला. एक पावसाळा पाणी मुरू द्या, मग बोला.

नागलीची_भाकर: आणि जमिनीची इसार देण्याआधी एकदा वैशाखात या, दादा. दुपारी दोनला, त्या विहिरीवर. बोअरचं बायकांना तिथंच विचारा.

पायवाट: येतो. सध्या इसार थांबवलीय. मित्रांपैकी दोघं चिडलेत.