डोळे खाली गेले म्हणजे कॉपी केली?

खडूडस्टर:

एका कॉलेजात शिकवतो. आमच्याकडे नोकरी करणाऱ्यांसाठी आणि घरी बसून शिकणाऱ्यांसाठी एक डिप्लोमा आहे. वर्ग ऑनलाइन, परीक्षाही ऑनलाइन. त्या परीक्षेतल्या कॉपीची प्रकरणं बघणाऱ्या अनफेअर मीन्स कमिटीवर मी आहे. नाही म्हणता आलं नाही म्हणून आहे, हे आधीच सांगतो.

गेल्या महिन्यात आमच्यापुढे अकरा प्रकरणं आली. प्रत्येकाचा एक तक्ता: बैठक क्रमांक आणि कॅमेऱ्यातून नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरनं संशय आला की लावलेले लाल झेंडे. 'नजर पडद्याबाहेर: १४ वेळा.' 'दुसऱ्या व्यक्तीचा आवाज: ६ वेळा.' चहा येईपर्यंत नऊ प्रकरणं निकालात निघाली. त्यातली काही चोख होती. एकाच्या चष्म्याच्या काचेत मोबाइल लख्ख दिसत होता. दुसऱ्या एकाच्या जागेवर चक्क त्याचा मोठा भाऊ बसला होता.

दहावं प्रकरण एका मुलीचं. ओठ सतत हलतायत, आवाज नोंदला गेलाय. निष्कर्ष: बाजूला बसून कोणीतरी उत्तरं सांगतंय. शिफारस: पेपर रद्द, पुढच्या परीक्षेला डिबार. मला काय वाटलं कोण जाणे, मी हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकलं. ती पोरगी इंग्रजी प्रश्न वाचून स्वतःलाच मराठीत समजावत होती. "म्हणजे यातलं कुठलं बसत नाही, असं विचारलंय." मागं कुकर. तिसऱ्या शिट्टीला ती मान वळवून म्हणते, "आई, बंद कर गं." आई काहीतरी म्हणते. झाला झेंडा.

तिला खुलाशासाठी सात दिवसांची नोटीस गेली होती, ईमेलवर. उत्तर आलं नाही म्हणून 'काही म्हणणे नाही' असा शेरा. आमची निम्मी मुलं ईमेल फक्त फॉर्म भरताना उघडतात.

मी हे बोललो तर अध्यक्ष म्हणाले, "सर, एकीला सोडलं की उद्या दहा जण कुकर घेऊन येतील." सगळे हसले.

माझं म्हणणं एवढंच: यंत्राच्या झेंड्यावर शिक्षा नको. व्हिडिओवर का होईना, मुलाला समोर बसवा, रेकॉर्डिंग दाखवा, ऐकून घ्या, मग काय ते ठरवा. तुम्हाला काय वाटतं?

रोखठोक_काका:

असहमत. परीक्षेआधीच्या सूचनांत 'बोलू नये' असं लिहिलेलं असणारच. तिनं ते वाचून 'मान्य' दाबलं असणार. नियम मोडला, विषय संपला. कुकरची कहाणी ऐकायला गोड आहे, पण गोड कहाण्या सगळ्यांकडे असतात.

२०२०-२१ ला घरी बसून परीक्षा झाल्या तेव्हा काय झालं आठवतंय ना? वर्गात पन्नाशी न ओलांडणारे नव्वदीत गेले. आणि जे खरंच अभ्यास करून पास झाले त्यांनाही 'कोविड बॅच' म्हणून टोमणे खावे लागले. ढिलाईची किंमत प्रामाणिक मुलं मोजतात. तुमची दया तिच्यावर, शिक्षा त्यांना.

खडूडस्टर:

काका, एक सांगा. हीच मुलगी परीक्षेच्या हॉलमध्ये पुटपुटली असती तर सुपरवायझरनं काय केलं असतं? बाकाजवळ येऊन म्हणाले असते, "ए, मनात वाच." बस. त्यावर पेपर रद्द झालेला मी तरी पाहिला नाही.

वर्गात माझ्याकडे किती पायऱ्या आहेत बघा. आधी नुसतं बघायचं. मग बोलता बोलता त्या बाकापाशी जाऊन उभं राहायचं. मग नाव घ्यायचं, जागा बदलायची, तासानंतर भेटायला सांगायचं. प्राचार्यांपर्यंत शंभरातलं एखादं जातं. ऑनलाइनला मधल्या पायऱ्याच नाहीत. म्यूट, नाहीतर बाहेर, नाहीतर थेट अहवाल.

सोनचाफा:

सर, तुमचा धागा वाचून वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. दुसरी बाजू सांगते.

लॉकडाउनमध्ये मी घरातून तास घ्यायचे. एकानं माझा स्क्रीनशॉट काढला, अर्धं वाक्य बोलताना, तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. त्याचं स्टिकर झालं. वर्गाच्या ग्रुपवर फिरलं, मग दुसऱ्या वर्गाच्या. आठवड्यानं त्याच्याखाली जे लिहून आलं ते इथं लिहिणार नाही. शिवाय रोज कोणीतरी खोट्या नावानं वर्गात शिरून गाणी लावायचं. दहा वेळा काढलं, अकराव्यांदा 'प्रिन्सिपल सर' या नावानं आला. मी बिचकत 'गुड मॉर्निंग सर' म्हटलं. ६० मुलं हसली.

तक्रार केली. उत्तर: "मॅडम, पोरं आहेत, दुर्लक्ष करा. आणि नक्की कोण ते सिद्ध कसं करणार?" मुलांना बोलवून ऐकून घेऊ म्हणाले. ऐकून घेण्यात सत्र संपलं. ते स्टिकर मला अजून अधूनमधून येतं, कोणाला माहीत नसतं की ती मी आहे.

म्हणून 'आधी ऐका, मग शिक्षा' हे ऐकायला बरं वाटतं. त्या सगळ्या ऐकण्यात माझं कोणी ऐकलं नाही.

रोखठोक_काका:

सोनचाफा यांना +१. हेच म्हणतोय मी.

ताम्हण:

वकिली करते, शिक्षण हा माझा रोजचा विषय नाही, तरी दोन गोष्टी.

परीक्षेतल्या गैरप्रकारावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन जुने निकाल आहेत आणि या धाग्यातले दोन्ही पक्ष त्यांत सापडतात. १९६२ चा घनश्याम दास गुप्ता खटला: उत्तर प्रदेशच्या बोर्डानं मुलांचं म्हणणं न ऐकता निकाल रद्द केले. न्यायालय म्हणालं, कायद्यात लिहिलेलं नसलं तरी ज्याच्यावर ठपका ठेवताय त्याला बाजू मांडू द्यावीच लागेल. मग १९७० चा बिहार बोर्डाचा खटला: एका केंद्रावर सर्रास कॉपी झाली, सगळ्या केंद्राचा निकाल रद्द. तिथं न्यायालय म्हणालं, कोणा एकावर आरोपच नाही, परीक्षाच नासली आहे, मग प्रत्येकाला वेगळं ऐकायची गरज नाही.

काका बोलतायत १९७० ची भाषा. सरांसमोरचं प्रकरण मात्र १९६२ चं आहे. एका मुलीवर, नाव घेऊन, आरोप. नोटीस ईमेलवर गेली हे कागदावर पुरेसं दिसेल, पण ज्या रेकॉर्डिंगवर ठपका ठेवला ते तिला दाखवलं का? नसेल तर तिनं खुलासा कशाचा करायचा?

सोनचाफा ताई, तुमचं प्रकरण वर्गाच्या शिस्तीचं नव्हतंच. ऑनलाइन अश्लील मजकूर पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तोतयेगिरी करून फसवण्याला त्याच कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैद आहे. कॉलेजनं 'पोरं आहेत' म्हणणं म्हणजे हात झटकणं. ऐकून घेण्याची पद्धत आणि वेळकाढूपणा यांत फरक आहे.

सोनचाफा:

फरक आहे हे मान्य. पण ताई, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. आणि सायबर पोलिसात जाऊन स्वतःच्याच विद्यार्थ्याचं नाव द्यायला हात धजत नाही हो. वर्गातून काढायचा अधिकार माझा असावा, तिथल्या तिथे. बाकी ऐकणं नंतर.

ताम्हण:

वर्गातून त्या तासापुरतं काढणं ही व्यवस्था झाली, त्याला सुनावणी लागत नाही. वर्ष वाया घालवणं ही शिक्षा. तिथं लागते.

एटीकेटी_सम्राट:

विद्यार्थी म्हणून बोलू का? झेंडे कोणाला लागतात माहितीये? जे चुळबुळतात त्यांना. आमच्यातले कसलेले लोक कॅमेऱ्याच्या डोळ्यात डोळे घालून कॉपी करतात. दुसरा फोन पडद्याच्या वरच्या कडेला चिकटवलेला असतो, नजर हलतच नाही. ग्रुपचं नाव 'अभ्यास गट'. सॉफ्टवेअरच्या लेखी हे सगळे आदर्श विद्यार्थी.

(हे मी केलेलं नाही. मित्राच्या मित्राकडून कळलं.)

रोखठोक_काका:

मित्राच्या मित्राला नमस्कार सांगा.

पण मग उत्तर सरळ आहे. शिकवणं घरी, परीक्षा केंद्रावर. एनपीटीईएल, म्हणजे आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स, हेच करतं. दर आठवड्याचा गृहपाठ ऑनलाइन, त्याला २५ गुण, आणि ७५ ची परीक्षा केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून. कोणाच्या स्वयंपाकघरात कॅमेरा घुसवायला नको आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला नकोत.

ओहायोकर:

काका, यावर मात्र तुमच्याशी सहमत. आमच्या इथे अमेरिकेत, ओहायोच्या क्लीव्हलंड स्टेट विद्यापीठात रसायनशास्त्राच्या ऑनलाइन पेपरआधी एका विद्यार्थ्याला कॅमेरा फिरवून झोपायची खोली दाखवायला सांगितलं. खोलीत त्याची कराची कागदपत्रं, औषधं पडलेली. त्यानं दाखवली आणि मग दावा लावला. ऑगस्ट २०२२ मध्ये फेडरल न्यायालयानं निकाल दिला: सरकारी विद्यापीठानं केलेली ही घराची झडतीच आहे आणि ती घटनेत बसत नाही. गंमत म्हणजे ते चित्रण काही सेकंदांचंच होतं.

माळावरची_शाळा:

ओहायोत झोपायला वेगळी खोली असते म्हणून झडतीचा प्रश्न आला. आमच्याकडे एकाच खोलीत देवघर, टीव्ही, आजी आणि परीक्षा. 'खोलीत एकटे बसा' हा नियम कोणी लिहिला त्याला एकदा पाहुणा म्हणून बोलवायचंय.

'असर' या ग्रामीण शिक्षणावरच्या २०२१ च्या पाहणीत ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांच्या ६७.६ टक्के घरांत स्मार्टफोन होता, २०१८ ला ३६.५ टक्के. वाढ झाली, पण फोन असलेल्या घरांतही साधारण चौथ्या हिश्श्याच्या मुलांच्या हाताला तो लागत नव्हता. बाप कामावर गेला की फोन गेला. गैरहजेरीचे शेरे मात्र पोरांच्या नावावर.

आणि केंद्राचं म्हणाल तर काका, माझी एक विद्यार्थिनी आठ महिन्यांचं बाळ घेऊन शिकतेय. केंद्र ४० किलोमीटर. एसटी दिवसातून दोनदा. घरून शिकायची सोय तिच्यासाठीच केली होती ना?

रोखठोक_काका:

बाळाचं मान्य. तालुक्याला केंद्र द्या, बाळासाठी सोय करा, पैसे खर्च करा. पण परीक्षेला अर्थ राहू द्या.

बाकी खडूडस्टर सर, मघापासून एक विचारायचं राहिलंय. कमिटीच्या इतिवृत्तावर तुमची सही आहे का?

खडूडस्टर:

आहे.

बैठक लांबली होती, तीन वाजता माझा तास होता, रजिस्टर समोर आलं. 'एकमताने' असं छापलेलंच होतं. मी बोललो ते त्यात कुठंही नाही. धागा काढण्याचं खरं कारण तेच, पहिल्या पोस्टमध्ये लिहायचा धीर झाला नाही.

निकाल अजून लागलेला नाही. तिला फोन करून सगळं सांगावं असं वाटतंय.

ताम्हण:

फोन अजिबात करू नका. कमिटीच्या माणसानं परस्पर बोलायचं नसतं, उद्या तेच तिच्या विरोधात जाईल. अध्यक्षांना लेखी भिन्न मत द्या, आवक क्रमांक घ्या, आणि रेकॉर्डिंग तिच्यासमोर लावून फेरविचार व्हावा असं स्पष्ट मागा. आजच्या तारखेनं.

सोनचाफा:

सर, द्याच. आणि मागताना हेही मागा की नोटीस व्हॉट्सअॅपवर आणि फोनवरूनही जावी. मला वर्गातून त्या पोरांना तिथल्या तिथे काढायचा हक्क हवा आहे, तो हवाच आहे. पण स्वतःशी मराठीत बोलणाऱ्या मुलीचं वर्ष मला नकोय.

एटीकेटी_सम्राट:

आमच्या अर्ध्या वर्गाला डिबार करावं लागेल मग. इंग्रजी पेपर मनात सोडवतो कोण? ओठ हलतातच.

खडूडस्टर:

चार दिवसांनी लिहितोय. भिन्न मत दिलं. अध्यक्षांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, "सही करून झाल्यावर जाग आली का?" मी हो म्हटलं. मग म्हणाले, "बोलवायचं तर तिला एकटीला नाही, अकराही जणांना बोलवावं लागेल." म्हटलं, बोलवू. शनिवारी दुपारी दोनपासून, प्रत्येकी पंधरा मिनिटं, रेकॉर्डिंगसकट. फोन ऑफिसमधून गेलेत, दहा जणांनी उचलले. अकराव्याचा नंबर त्याच्या मोठ्या भावाचा निघाला, तोच तो.

रोखठोक_काका:

शनिवारी त्या चष्मेवाल्याचं काय म्हणणं पडतं ते जरूर कळवा.