मदत हवी आहे : 'हॅड' नेमकं कधी लावायचं?

उंबरा
घाईत आहे, थेट सांगा. सिंपल पास्ट आणि पास्ट परफेक्ट. मेलमध्ये मी हॅड लावतो तिथे साहेब खोडतात, लावत नाही तिथे घालतात. पुस्तकातला नियम पाठ आहे, तो नको. उद्या सकाळी अहवाल द्यायचाय.

खडू
कुठलं वाक्य खोडलं? ते द्या, त्याशिवाय काय सांगणार?

पिंपळपान
नियम नको म्हणताय, पण नियमच कामाला येतो. भूतकाळातल्या दोन क्रियांपैकी आधीचीला हॅड आणि तिसरं रूप, नंतरचीला साधा भूतकाळ. शाळेत घोकून घेतलंय, आजवर अडलं नाही.

रानवारा
पिंपळपान, हे अर्धंच आहे. 'आय लॉक्ड द डोअर अँड वेंट टु बेड' यातही एक क्रिया आधीची आहे. तिथे लावता का हॅड? ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने सांगत असाल तर साधा भूतकाळ पुरतो. सांगता सांगता मागे जायचं असेल तेव्हा हॅड.

भिंगरी
आधी तिसरी रूपं पाठ करा. गो-वेंट-गॉन, राइट-रोट-रिटन. रोज थोडी मोठ्याने म्हणायची. मला याचा फार फायदा झाला.

खडू
भिंगरी, ते त्यांना येत असणार. उंबरा, वाक्य?

उंबरा
घ्या. 'आय हॅड सेंट द फाइल यस्टर्डे', यातलं हॅड खोडलं. 'व्हेन द क्लायंट कॉल्ड, वुई सेंट द फाइल', इथे घातलं. अहो, काल पाठवली होती, एवढंच तर सांगायचंय!

खडू
गोची तिथेच आहे. आपण 'काल पाठवली होती' म्हणतो आणि थांबतो, मराठीत ते पूर्ण वाटतं. इंग्रजीत हॅडला भूतकाळातला दुसरा एक क्षण लागतो, ज्याच्या आधी हे घडलं. यस्टर्डे हा तो क्षण नाही, तो पाठवण्याचाच दिवस आहे. म्हणून नुसतं 'आय सेंट'. दुसऱ्या वाक्यात फोन हा तो क्षण. फाइल फोनच्या आधी गेली की नंतर?

उंबरा
अर्थात आधी.

खडू
वाचणाऱ्याला ते कसं कळणार? 'व्हेन ही कॉल्ड, वुई सेंट' म्हणजे फोन आल्यावर पाठवली. 'वुई हॅड ऑलरेडी सेंट' म्हणजे फोन आला तेव्हा ती गेलेली होती. हॅड काढलं की अर्थच बदलतो.

पिंपळपान
म्हणजे माझाच नियम.

रानवारा
जिथे क्रम दुसऱ्या कशातून कळत नाही तिथे. आफ्टर, बिफोर असेल तर त्या शब्दांतूनच कळतो. 'आय लेफ्ट आफ्टर आय फिनिश्ड' बरोबर आहे.

पिंपळपान
परीक्षेत मार्क जातील.

रानवारा
परीक्षेत लावा, 'आफ्टर आय हॅड फिनिश्ड'ही बरोबरच आहे. पण त्यांना मेल लिहायचेत. 'बाय द टाइम ही केम, वुई हॅड लेफ्ट' अशा ठिकाणी मात्र सोडू नका.

जुईवेल
'इफ आय हॅड नोन' विसरलात सगळे. ते न घडलेल्या गोष्टीचं. आणि 'शी हॅड हॅड डिनर' यात दोनदा का येतं? मला ते अजून खटकतं.

खडू
पहिलं सहायक, दुसरं हॅवचं तिसरं रूप. बरोबर आहे ते.

उंबरा
माझं राहिलं. अहवालात आदल्या रात्रीचं सगळं सलग लिहायचंय. प्रत्येक वाक्यात हॅड?

रानवारा
अजिबात नको, वाचवणार नाही. एकदा हॅडने मागे न्या, पुढे साधा भूतकाळ : 'द सर्व्हर हॅड क्रॅश्ड द नाइट बिफोर. वुई रीस्टार्टेड इट अँड चेक्ड द लॉग्ज.' सकाळवर परत येताना 'द नेक्स्ट मॉर्निंग' घाला.

उंबरा
हे जमेल. आणि 'द मीटिंग हॅड स्टार्टेड ॲट टेन'? हॅड ठेवू की काढू?

खडू
पुढचं वाक्य काय आहे?