नियम म्हणून की मनापासून?

‘धर्मात सांगितलंय म्हणून केलेली मदत मनापासूनची कशी?’ हा प्रश्न रास्त आहे. पण बायबलमध्ये संत पौलानेच करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळींना लिहिलंय की देणं भाग पडतं म्हणून देऊ नका, संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो.

मला यावर पंडिता रमाबाई आठवतात. इंग्लंडमध्ये असताना वाँटेज गावच्या सिस्टरांनी (ख्रिस्ती जोगिणींनी) त्यांना लंडनमधल्या फुलमला नेलं. समाजाने ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळत. हे का करता, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा एका सिस्टरने बायबलमधली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली: लोक जिला कमी लेखत, तिच्याशी येशू आपुलकीने बोलला. नियम नाही सांगितला, गोष्ट सांगितली!

पुढे १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील आधीच्या एका दुष्काळात उपासमारीने गेले होते. कुणी आज्ञा द्यायची गरजच नसावी. निराधार मुली-बायकांसाठीची केडगावची त्यांची मुक्ती संस्था आजही सुरू आहे.